३० ते ४० मीटरच्या डाइव्हवर कॅमेरा: हाउसिंग, स्ट्रोब, वजन आणि हवेचा हिशोब

अथांग

३० मीटरच्या खाली कॅमेरा नेण्याबद्दलची माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. डीप डाइव्हचं प्रशिक्षण झालेला आणि उथळ रीफवर कॅमेरा सफाईने हाताळणारा डायव्हर इथे गृहीत धरला आहे. ज्यांचं प्रशिक्षण अजून १८ मीटरपर्यंतचंच आहे त्यांनी वाचावं जरूर, पण हे वाचून खाली जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्न असे:

१. हाउसिंगवर (कॅमेऱ्याच्या जलाभेद्य पेटीवर) '४० मी.' छापलं असेल तर ते ३८ मीटरवर न्यावं का?
२. ३० मीटरच्या पुढे बटणं आत जाऊन अडकतात, कॅमेरा आपोआप मेन्यूत शिरतो किंवा फोटोंचा सपाटा लावतो. हे का होतं?
३. त्या खोलीवर दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) न्यावेत की एक व्हिडिओ लाइट पुरे?
४. एवढं सामान घेऊन गेल्यावर फोटोसाठी प्रत्यक्षात किती मिनिटं मिळतात?

चौथ्याचं उत्तर हाती आल्याशिवाय पहिल्या तिनांवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

ओ-रिंगवाला

पहिले दोन प्रश्न एकाच गणितातले आहेत.

पाण्यात दर १० मीटरला साधारण १ बार (पृष्ठभागावरच्या हवेइतका) दाब वाढतो. हाउसिंगच्या आत मात्र पृष्ठभागावरचीच, १ बारची हवा कोंडलेली असते. म्हणजे ४० मीटरवर आत-बाहेरचा फरक ४ बार, दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ किलो. मागचं झाकण १६ बाय १२ सेंटिमीटरचं धरलं तर त्यावर पाऊण टन भार येतो. पॉलिकार्बोनेटचं सपाट झाकण एवढ्या भाराने किंचित आत वाकतं. नजरेला ते दिसत नाही, पण हाउसिंगचं बटण आणि कॅमेऱ्याचं बटण यांच्यात मिलिमीटरभर जी फट असते, ती खाल्ली जाते.

आता बटणाची दांडी. ती ५ मिमी जाड असेल तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौ. सेंमी. ३० मीटरवर पाणी तिला ६०० ग्रॅमच्या जोराने आत रेटतं, ४० मीटरवर ८०० ग्रॅमच्या. स्प्रिंग ७०० ग्रॅमची असेल तर ३० मीटरवर बटण वर येईल, ३५ च्या आसपास मात्र दाबलं की दाबलेलंच राहील. हा बिघाड नाही, स्प्रिंग कमी पडली एवढंच. थोडं वर आलं की बटण 'टक्' करून सुटतं, ही त्याची खूण. २० मीटरपर्यंत येऊनही सुटत नसेल तर दोष दुसरा आहे. दांडीवर मीठ बसलंय किंवा तिच्यावरची छोटी ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) कोरडी पडलीय.

म्हणून '४० मी.' ही नव्या, स्वच्छ हाउसिंगची कमाल मर्यादा समजा. पाणी न शिरता टिकणं वेगळं आणि सगळी बटणं चालणं वेगळं. ४० चं हाउसिंग ३० पर्यंत न्यावं. ३८ वर जायचं असेल तर किमान ६० मीटरचं हवं.

प्रवाळ

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. सोबत काही आकडे, कारण लोक इथेच गल्लत करतात. गोप्रो नुसता १० मीटरपर्यंत, त्याच्या डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटर. ऑलिंपस टीजी-६ नुसता १५ मीटर, हाउसिंगमध्ये ४५. नॉटिकॅमसारखी ॲल्युमिनियमची हाउसिंग साधारणपणे १०० मीटरची असतात. 'वॉटरप्रूफ' शब्द वाचून टीजी नुसताच घेऊन ३० मीटरवर जायचं, असा विचार कोणी करत असेल तर आत्ताच थांबावं.

निळाई

ओ-रिंगवाला यांच्या गणितात एक भर. आता बहुतेक जण व्हॅक्यूम पंप वापरतात. आतली हवा काढून दाब साधारण ०.७ बारवर आणतात. गळती तपासायला याच्याइतकी भरवशाची दुसरी युक्ती नाही. पण व्हॅक्यूममुळे आत-बाहेरचा फरक ०.३ बारने वाढतो, म्हणजे बटणांच्या लेखी तुम्ही ३ मीटर जास्त खोल आहात. जे बटण ३५ वर अडकायचं ते ३२ वरच अडकेल.

तरीही व्हॅक्यूम सोडू नका. डाइव्हच्या आधी अर्धा तास व्हॅक्यूम टिकला तर हाउसिंग नीट बंद झालंय हे कळतं, आणि कळतं ते कोरड्या जागी.

कासवगती

व्हॅक्यूमबद्दल शंका. वातानुकूलित खोलीत सगळं बंद करून हिरवा दिवा बघायचा, आणि बोटीवर उन्हात आणल्यावर मीटरवर दाब वाढलेला दिसायचा. ही गळतीच ना?

निळाई

@कासवगती, बहुतेक वेळा नाही. बंद डब्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो. आत ७०० मिलिबार आहे, तापमान २२ अंशांवरून ३७ वर गेलं. केल्विनमध्ये ही ५ टक्के वाढ, म्हणून दाबही सुमारे ३५ मिलिबारने वाढणार. कॅमेरा चालू ठेवला तर त्याची उष्णता यात भर घालते.

ओळखायचं असं: हाउसिंग सावलीत ओल्या फडक्याखाली १५ मिनिटं ठेवा. आकडा परत खाली आला तर उन्हाचा खेळ. चढतच राहिला तर गळती, आणि त्या दिवशी कॅमेरा पाण्यात न्यायचा नाही.

दीपस्तंभ

चौथ्या प्रश्नाकडे येतो, कारण अथांग यांचं म्हणणं पटतं. १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार, साधी हवा. एकूण २४०० लिटर.

आधी राखीव हवा. ४० मीटरवर बडीची (सोबतच्या डायव्हरची) हवा बंद पडली आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर येताहेत असं धरा. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ३० लिटर तरी ओढतो, दोघांचे ६०.

सावरायला १ मिनिट, ५ बार (हवेचा १, पाण्याचे ४) म्हणून पाचपट खप: ३०० लिटर.
४० वरून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने सुमारे ४ मिनिटं, सरासरी ३.२५ बार: ७८० लिटर.
५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, १.५ बार: २७० लिटर.
शेवटचे ५ मीटर सावकाश, १ मिनिट: ७५ लिटर.

बेरीज १४२५, म्हणजे जवळजवळ १२० बार. मीटरचा काटा १२० वर आला की फ्रेम कितीही सुंदर असो, वर निघायचं.

उरले ८० बार, ९६० लिटर. कॅमेरा घेऊन काम करताना श्वास वाढतो, म्हणून २० ऐवजी मिनिटाला २५ लिटर धरा. उतरायला २ मिनिटं, सरासरी ३ बार, गेले १५० लिटर. उरले ८१०. तळाशी मिनिटाला १२५ लिटर जातात. भागाकार करा: साडेसहा मिनिटं.

फोटोसाठी मिळतो तो एवढा वेळ. पॅडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ४० मीटरची नो-डेको मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहण्याचा कमाल वेळ) ९ मिनिटांची आहे आणि त्यात उतरण्याचा वेळही मोजतात, म्हणजे तीही तिथेच संपत आलेली असते.

अथांग

हाच हिशोब हवा होता. ३० मीटरसाठीही मांडाल का?

दीपस्तंभ

मांडतो. ३० वर दाब ४ बार. सावरायला २४०, वर यायला ३ मिनिटांचे ४९५, थांब्याचे २७०, शेवटचे ७५. एकूण १०८०, म्हणजे ९० बार राखीव. वापरायला ११० बार, १३२० लिटर. उतरायला दीड मिनिट, ९५ लिटर. तळाशी मिनिटाला १०० लिटर. मिळतात १२ मिनिटं. ३० मीटरची नो-डेको मर्यादा २० मिनिटं, ती आड येत नाही.

१० मीटर वर राहिलात तर वेळ जवळजवळ दुप्पट.

१५ लिटरचा सिलिंडर घेतला तर ४० मीटरवर हवा ११ मिनिटं पुरते, पण तिथे नो-डेको मर्यादा आधी संपते. मोठा सिलिंडर सुरक्षिततेसाठी घ्यावा, फोटोची मिनिटं त्याने फारशी वाढत नाहीत. हे आकडे स्वतःच्या श्वासाच्या वेगाने पुन्हा काढा, आणि तो वेग कॅमेरा हातात असलेल्या डाइव्हवरच मोजलेला असू द्या.

खोलपाणी

नायट्रॉक्सने (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेने) वेळ वाढतो, ते कसं विसरलात? ३२ टक्के ऑक्सिजनचं घेतलं की ३० मीटरवर आरामात काम होतं.

दीपस्तंभ

@खोलपाणी, ३० वर जरूर. पण हवेचा खप नायट्रॉक्सने घटत नाही, वाढते ती फक्त नो-डेको मर्यादा. १२ लिटरवर हवाच आधी संपणार असेल तर फोटोला एक मिनिटही जास्त मिळत नाही.

आणि एक धोका आहे: ठरावीक दाबापुढे ऑक्सिजन विषारी ठरतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारवर ठेवला तर ३२ टक्के मिश्रणाची मर्यादा ३३ मीटरच्या थोडी पुढे संपते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला माणूस माशामागे ३७ वर कधी गेला हे त्याला कळत नाही. ४० मीटरसाठी २८ टक्के बरोबर बसतं. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) मनगटावर मागे राहिला तर दिसत नाही, म्हणून तो डाव्या हँडलजवळ, फ्रेम बघताना नजरेच्या कोपऱ्यात येईल असा बांधा.

जलपर्णी

नार्कोसिसचा (दाबाखालच्या नायट्रोजनने येणाऱ्या गुंगीचा) उल्लेख अजून कोणीच केला नाही. ३० मीटरपासून डोकं हळूहळू मंद होत जातं आणि कॅमेरा त्यात भर घालतो. ४० मीटरवर साध्या हवेची घनता लिटरला ६ ग्रॅमच्या वर जाते. ५.२ पर्यंत ठीक आणि ६.२ च्या पुढे नको, असं डायव्हिंग वैद्यकातले जाणकार सांगतात. दाट हवा ओढताना छाती थकते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याने नार्कोसिस आणखी चढतं. त्यात जड कॅमेरा प्रवाहाविरुद्ध ढकलत न्यायचा म्हणजे आगीत तेल.

खाली गेल्यावर लक्षण ओळखायचं कसं? एकच मेन्यू दोनदा उघडला आणि कशासाठी उघडला ते आठवेना, तर ४–५ मीटर वर या. तिथेही डोकं साफ होत नसेल तर कॅमेरा क्लिप करून डाइव्ह संपवा. म्हणूनच खाली ठरवायला काहीही शिल्लक ठेवू नये. सगळी सेटिंग बोटीवरच लावावीत.

शंखनाद

+१. सेटिंगपासूनच सुरुवात करू, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पाणी आधी लाल रंग गिळतं. पहिल्या ५–६ मीटरमध्ये त्यातला बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. ४० वर उरतो तो निळा. लाल फिल्टर तिथे काहीच परत आणू शकत नाही, कारण परत आणायला लाल उरलेलाच नाही. उलट एक-दोन स्टॉप प्रकाश मात्र खातो. १५–२० मीटरनंतर फिल्टर काढून ठेवा. हाताने व्हाइट बॅलन्स घेण्याचंही तेच.

स्ट्रोबचं गणित वेगळं आहे. त्याचा प्रकाश पृष्ठभागावरून येत नाही. तो स्ट्रोबपासून वस्तूपर्यंत जातो आणि तिथून लेन्सकडे येतो. वस्तू १ मीटरवर असेल तर प्रकाशाला फक्त २ मीटर पाणी ओलांडायचं असतं, मग तुम्ही १० मीटरवर असा की ४० वर. म्हणून ४० मीटरवरचा लाल समुद्रपंखा स्ट्रोबने खरोखर लाल दिसतो. पण हे १ ते दीड मीटरपर्यंतच. ३ मीटरवरच्या भिंतीवर स्ट्रोब मारून फक्त पाण्यातले कण उजळतात.

बदलते ती पार्श्वभूमी, खाली ती काळवंडते. शटर पार्श्वभूमीचं बघतं, ॲपर्चर आणि स्ट्रोबची ताकद पुढच्या वस्तूचं. १० मीटरवर १/२०० वर छान निळं येणारं पाणी ४० वर काळं येईल. सुरुवात १/६०, एफ/८, आयएसओ ६४० वर करा आणि हेच कस्टम मोडमध्ये साठवून ठेवा. खाली फक्त शटर एक-दोन पायऱ्या वर-खाली, बाकी कशालाही हात नाही.

मंदार_३२

मग व्हिडिओ लाइट का नको? चालू केला, सोडून दिला. केबल नाही, रिचार्जची वाट बघणं नाही. साडेसहा मिनिटांत साधेपणालाच किंमत आहे.

शंखनाद

@मंदार_३२, व्हिडिओसाठी तुमचंच बरोबर. फोटोसाठी स्ट्रोबचा झोत क्षणभराचा पण प्रखर असतो आणि हलता मासा तो गोठवतो. सतत जळणाऱ्या लाइटवर १/६० ने पोहणारा मासा पुसट येतो. कोळंबी, गोगलगायीसारखा हळू जीव असेल तर लाइट चालतो. पण त्यासाठी ४० मीटर कशाला, ते १२ वर भेटतात.

एकच स्ट्रोब न्यायचा असेल तरी चालेल. बाजूने आणि थोडा वरून, पोर्टच्या (लेन्ससमोरच्या काचेच्या) मागे, किंचित बाहेर वळवून. दोन असतील तर स्ट्रोबचे हात (दांडे) पसरून ठेवा. लेन्सच्या लगत लावलात तर लेन्ससमोरचे कणच उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

ओ-रिंगवाला

स्ट्रोबची जोडणी फायबर ऑप्टिकने करा. तीत हाउसिंगला भोक नाही, फक्त प्रकाश बाहेर येतो. इलेक्ट्रिक सिंक कॉर्ड म्हणजे हाउसिंगला एक आणि स्ट्रोबला एक जादा सील, आणि त्या पिनांवर पाण्याचा एक थेंब गेला की स्ट्रोब मनाला येईल तेव्हा पेटतो.

स्ट्रोबच्या बॅटरी कप्प्यात पाणी शिरलं तर झाकण चेहऱ्याकडे धरून कधीच उघडू नका. निकेल मेटल हायड्राइड सेल खाऱ्या पाण्यात शॉर्ट झाले की वायू सोडतात आणि आत दाब साठतो. झाकण माणसांपासून दूर वळवून, पाव-पाव फेऱ्यांनी, थांबत थांबत सैल करायचं.

सुरमई

ओ-रिंगबद्दल कोणी नीट पायऱ्या सांगेल का? दर वेळी किती ग्रीस लावायचं यावर दहा जणांची दहा मतं असतात.

ओ-रिंगवाला

ग्रीसने पाणी अडत नाही. पाणी अडवते ती रबराची दाबली गेलेली कड. ग्रीस फक्त ओ-रिंग खाचेत सरकावी, पिळवटू नये यासाठी. जास्त ग्रीस म्हणजे धूळ आणि तंतू धरायला गोंद.

ओ-रिंग काढताना टोकदार धातू वापरू नका. दोन बोटांनी दोन बाजूंनी दाबली की मध्ये फुगा येतो, तो धरून उचला, किंवा गोल कडांचं प्लॅस्टिक कार्ड घ्या. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून न ताणता पूर्ण फिरवा. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला कळतो. रिकाम्या खाचेवर टॉर्च आडवी धरा. सरळ प्रकाशात न दिसणारा केस तिरक्या प्रकाशात सावली टाकतो. खाच तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस बोटावर घेऊन संपूर्ण रिंगवरून ओढा. रिंग चमकली पाहिजे, बोटाला गोळा लागता कामा नये.

आणि ग्रीस उत्पादकाने सांगितलेलंच. रंगीत सिलिकॉन रिंगला चुकीचं सिलिकॉन ग्रीस लागलं तर ती फुगते आणि खाचेत बसेनाशी होते.

प्रवाळ

थोडक्यात, केसमध्ये केस अडकला की केस संपली!

यालाच जोडून एक: बहुतेक हाउसिंग खोलवर भिजत नाहीत, पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच भिजतात. खाली दाब रिंगला खाचेच्या भिंतीवर आणखी घट्ट बसवतो. वर तो जोर नसतो, म्हणून रिंगवर आडवा पडलेला एक केस पाण्याला वाट देतो. उडी मारताना कॅमेरा हातात नको. पाण्यात उतरा, मग बोटीवरून वरून घ्या. ३ मीटरवर अर्धा मिनिट थांबून पोर्ट वर करून आत बघा, बुडबुड्यांची साखळी निघतेय का ते तपासा. डाइव्हनंतर सगळ्यांच्या सामाईक टबात कॅमेरा सोडून जाऊ नका. तिथे कॅमेरे एकमेकांवर आपटतात आणि बटणं दाबली जातात.

कासवगती

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आत १ बार आणि बाहेर ५ बार हा झगडाच नको, आतही दाब वाढवता येत नाही का?

शंखनाद

@कासवगती, हा विचार फार जुना आहे. फ्रान्समध्ये बान्यूल्स-सूर-मेर इथे लुई बुटाँ यांनी १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा कॅमेऱ्याच्या पेटीला हवेचा रबरी फुगा जोडला होता. खाली दाबाने फुगा आक्रसायचा, त्यातली हवा पेटीत जायची आणि आत-बाहेरचा दाब सारखा राहायचा.

रंगाचा प्रश्नही तेवढाच जुना. लाँगली आणि मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ ड्राय टॉर्टुगासला पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून त्यांनी उजेड पाडला होता. पुढे १९६३ मध्ये निकोनॉस आला. त्याला वेगळं हाउसिंग लागायचंच नाही, कॅमेऱ्याचं कवचच जलाभेद्य. त्याचीही मर्यादा ५० मीटरच होती.

खोलपाणी

सुंदर माहिती. आता वजनाकडे वळू. डोम पोर्ट (घुमटासारखी काच), दोन स्ट्रोब, त्यांचे हात, पकडीचा ट्रे मिळून बाहेर ५–६ किलो सहज होतात. पाण्यात किती असावं?

सुरमई

पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम जड असावं, म्हणजे सोडलं तर सावकाश खाली जाईल. पूर्ण तरंगणारं नको. सामानाचा डिजिटल काटा घ्या, संपूर्ण जोडणी दोरीने त्याला टांगा आणि टबात पूर्ण बुडवून वाचा. गोड्या पाण्यात मोजत असाल तर लक्षात घ्या, ६ लिटर पाणी बाजूला सारणारी जोडणी समुद्रात १५० ग्रॅम हलकी होते.

तोलही बघा. मोठा डोम हवेने भरलेला, तो वर उचलला जातो आणि मनगट सतत त्याच्याशी झुंजतं. हातांवरचे फ्लोट (तरंगते तुकडे) पुढे-मागे सरकवून आडवा तोल जमवा.

फ्लोट कसले आहेत हे खोल डाइव्हला फार महत्त्वाचं. मऊ फोम ४० मीटरवर दबून आक्रसतो, म्हणजे टबात जमवलेला तोल तिथे बिघडतो. कडक फोम किंवा सीलबंद कार्बन नळ्या घ्या, पण त्यांची खोलीची मर्यादा बघून. सीलबंद नळी मर्यादेपलीकडे गेली तर आत चेपते आणि सगळी जोडणी एका झटक्यात जड होते.

मंदार_३२

आणि दोरी मनगटात अडकवलेली बरी. हात सुटला तरी कॅमेरा जात नाही.

जलपर्णी

@मंदार_३२, इथे मात्र ठाम असहमत. मनगटाला ५ किलोचं सामान बांधलेलं असताना बडीने हवा मागितली तर तुमचा एक हात कामातून गेला. छातीच्या डी-रिंगला बोल्ट स्नॅपने (खिट्टीच्या हुकने) अडकवा. बोल्ट स्नॅप थेट धातूच्या कडीत घालू नका. मध्ये नायलॉन दोरीचा दोन पदरी फास असू द्या. काही अडकलंच तर तो फास सुरीने कापता येतो, धातू कापता येत नाही. स्ट्रोबच्या दोन्ही हातांच्या बॉलमध्ये (गोल सांध्यांमध्ये) एक आडवी दोरी बांधून ठेवली की वर चढताना कॅमेरा एका हाताने धरता येतो आणि बोटीवर वर देताही येतो.

एसएमबी (वर सोडायचा खुणेचा फुगा) सोडण्याआधी कॅमेरा क्लिप करा, मगच रील हातात घ्या. आणि बडीशी बोटीवरच ठरवून घ्या: बडीने हवेची खूण केली की कॅमेरा सोडायचा, क्लिप असो वा नसो. हे आधी बोललेलं नसेल तर खाली हात कॅमेऱ्यावरच राहतो.

निळाई

जलपर्णीताईंशी शंभर टक्के सहमत. खाली असताना गळतीचा लाल दिवा लागला तर काय, तेही इथेच लिहून ठेवते.

घाई करून वर यायचं नाही. वर चढण्याचा वेग आणि थांबा ठरल्याप्रमाणेच. कॅमेरा बंद करा. पोर्ट खाली धरा, म्हणजे पाणी डोममध्ये साठतं आणि कॅमेरा शक्य तितका वर राहतो. पाणी खोलवर शिरलं असेल तर आतली हवा दाबली गेलेली असते. वर येताना ती फुगते, म्हणून बोटीवर कड्या उघडताना झाकण उडू शकतं. तोंड बाजूला ठेवा, आधी व्हॅक्यूमची झडप उघडा. बॅटरी लगेच काढा. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ती उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. कार्ड काढून गोड्या पाण्याने धुवा, त्यातले फोटो बहुधा वाचतात.

कासवगती

धुक्याचं काय? थर्मोक्लाइन (गरम-थंड पाण्याची सीमा) ओलांडला की डोम आतून पांढरा होतो.

निळाई

दमट हवा आत कोंडली गेल्याने. हाउसिंग कोरड्या, वातानुकूलित खोलीत बंद करा, बोटीवर उघडू नका. सिलिका जेलच्या ताज्या पुड्या ठेवा, पण ओ-रिंगच्या खाचेपासून लांब आणि चिकटवून. सैल पुडी झाकणात चिमटली की तीच गळती.

अथांग

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नांवर आता मत बदललंय. ४० मीटरवर बसलेल्या बुडीत जहाजाचे वरचे मजले, डोलकाठी बहुधा २५–३० वर असतात. ४० च्या साडेसहा मिनिटांऐवजी तिथे बारा मिनिटं मिळतात, बटणं चालतात, डोकं जाग्यावर राहतं आणि पार्श्वभूमीला निळाही उरतो. तळाचा फोटो हवाच असेल तर ६० मीटरचं हाउसिंग, एक स्ट्रोब, वाइड लेन्स आणि आधीच ठरवलेल्या दोनच फ्रेम.

शेवटचा प्रश्न: नवं हाउसिंग आल्यावर पहिल्यांदा ३० मीटरवर कसं न्यावं?

ओ-रिंगवाला

पहिल्या डाइव्हला कॅमेरा न घालता. रिकामं हाउसिंग जोरात तरंगतं, म्हणून आत शिशाचं वजन कापडात गुंडाळून ठेवा, हलणार नाही असं. पोर्टच्या कडेला, मागच्या झाकणाच्या चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक बटणाच्या दांडीखाली टिश्यू पेपरचे छोटे तुकडे चिकटवा. ते मुख्य ओ-रिंगला लागता कामा नयेत. नेहमीच्या डाइव्हइतक्या खोलीवर न्या, दर ५ मीटरला प्रत्येक बटण दाबून बघा आणि जे वर आलं नाही त्याची खोली पाटीवर लिहून ठेवा.

वर आल्यावर हाउसिंग बाहेरून पूर्ण कोरडं पुसा. मागचं झाकण खाली करून उघडा, म्हणजे झाकणावरचा थेंब आत पडणार नाही. मग तुकडे एकेक करून बोटाने चाचपा. ज्या जागेचा तुकडा ओला लागेल, गळती तिथेच आहे.